साठ फुटी दोर आणि साजूक तूप

नोलीन हॅगर्टी त्र्याहत्तर वर्षांची होती, तिची वरची कवळी तोंडापेक्षा खिशातच जास्त असायची, अंगाला कायम ओल्या कातड्याचा वास यायचा, आणि मी तिच्यावर जळत होते. हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढे मी तिच्याबद्दल चार बरे शब्द बोलेन तेव्हा तुम्हाला वाटेल, ही नीता काय मोठ्या मनाची बाई आहे! मोठ्या मनाची वगैरे मी अजिबात नाही. वयाच्या मानानं तिला 'त्या' म्हणायला हवं, तेवढंसुद्धा माझ्याच्यानं होत नाही.

ती गेली त्याला आता दीड वर्ष झालं. कातडं कापायची तिची सुरी तिनं माझ्या नावानं ठेवली, चंद्रहासच्या नाही. चंद्रहास म्हणजे माझा नवरा. तो अजून त्यावरून धुसफुसतो आणि मी त्याला धुसफुसू देते. आमच्या टौरंगाच्या घरात स्वयंपाकघराच्या तिसऱ्या खणात ती सुरी आहे, आणि तिला हात लावायचा तर मला विचारावं लागतं.

आधी आम्ही पामर्स्टन नॉर्थला राहायचो. पुण्याहून सत्त्याण्णव साली आलो तेव्हापासून. मी हॉस्पिटलमध्ये फार्मसिस्ट. चंद्रहास एका छोट्या कंपनीत, गुरांचं वजन करायचे इलेक्ट्रॉनिक काटे बनवणाऱ्या. काट्यांचं सॉफ्टवेअर लिहायचं आणि फार्मांवर जाऊन ते बसवून द्यायचे, हे त्याचं काम. माणूस सरळ, पण बोलण्याच्या बाबतीत तोंडात कायम मिठाची गुळणी. मी एकटीच दोघांच्या वाटचं बोलायची. शार्दूल, आमचा मुलगा, घरी होता तोवर ते खपून जायचं. तो ड्युनेडिनला शिकायला गेला आणि घरात माझाच आवाज मला ऐकू यायला लागला.

त्यात दोन हजार दोनच्या नोव्हेंबरात सासूबाई गेल्या. चंद्रहास पुण्याला पोचला तेव्हा सगळं उरकलं होतं. पंधरा दिवसांनी परत आला, बॅग रिकामी केली, दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेला. रडला नाही, बोलला नाही. मी विचारलं, समजावलं, एकदा तर ओरडले, "अरे, दगड आहेस का तू?" भरली वांगी केली, त्याच्या आईच्या पद्धतीची, चिंच-गूळ घालून. जेवला, ताट उचललं, म्हणाला, "ठीक आहे ना मी." वर्षभर मला एवढंच उत्तर मिळालं. बायको म्हणून मी काय कमी पडतेय ते मला कळत नव्हतं, आणि न कळलं की मला राग येतो.

मग दोन हजार चारच्या फेब्रुवारीत पूर आला. तिकडच्या लोकांना तो अजून आठवतो. चंद्रहास त्या दिवशी पोहंगिनाच्या खोऱ्यात काटा बसवायला गेला होता. पूल वाहून गेले, फोन बंद, वीज बंद. तीन दिवस मला त्याचा पत्ता नाही. मी देव पाण्यात घालून बसले होते. चौथ्या दिवशी दुपारी तो दुसऱ्याच कुणाचे तरी गमबूट घालून दारात उभा. बोटांना पाच-सहा ठिकाणी पट्ट्या. आणि हातात कुत्रा बांधायचा एक दोर, पांढुरका, चार पेडांचा.

"हे मी केलं," म्हणाला.

आणि मग तो बोलायला लागला. बाप रे! चहा गार झाला तरी बोलतोय. एका म्हातारीनं ट्रॅक्टरवर बसवून त्याला पाण्यातून काढलं. तिच्या घरी तीन दिवस. वीज नाही म्हणून लोकर कातरायच्या जुन्या शेडमध्ये बसून ती कच्च्या कातड्याचा दोर वळत होती, तिनं याच्या हातात वाद्या, म्हणजे कातड्याच्या लांब पट्ट्या, दिल्या, म्हणाली, नुसता बसू नकोस. मी देवापुढे साखर ठेवली. माझा नवरा मला परत मिळाला असं मला वाटलं. काय मूर्ख होते मी!

कारण पुढच्या शनिवारी तो तिकडे गेला. त्याच्या पुढच्या शनिवारीही. मग दर शनिवारी. सकाळी सातला डबा घेऊन निघायचा तो दिवेलागणीला यायचा, कपड्यांना तो वास घेऊन. आणि आल्यावर सुरू व्हायचं: नोलीन म्हणते. नोलीन म्हणते, ऊन फार असेल तर वादी कापू नये. नोलीन म्हणते, म्हाताऱ्या गाईचं कातडं पाठीवर चांगलं, पोटावर सैल. "गाईचं?" मी म्हटलं, "अरे, तुझ्या आईला कळलं असतं तर?" तर म्हणाला, "जनावर त्यांनी खायला मारलेलंच असतं, कातडं फेकून देतात. नोलीन म्हणते, फेकण्यापेक्षा बरं." घ्या! माझ्या सासूच्या प्रश्नालाही नोलीनचं उत्तर.

मी हॅमिल्टनला सुलेखाला फोन केला. सुलेखा माझी कॉलेजपासूनची मैत्रीण, तिथल्या 'ते रापा' भागातल्या दुधाच्या कारखान्यात लॅबमध्ये होती. सगळं ऐकून घेतलं आणि खदाखदा हसली. "अगं, सवत मिळाली तीही पेन्शनर! नशीबवान आहेस. जाऊ दे की त्याला, दारू पितोय का?"

"दारू प्यायला असता तर बरं. दारूवर ओरडता तरी येतं," मी म्हटलं आणि फोन ठेवून दिला.

तिची सगळी कहाणी मला अशीच, नवऱ्याच्या तोंडून, उष्टी मिळाली. टायहापीच्या पलीकडच्या डोंगरात जन्मली. बाप गुरं हाकणारा. हिवाळ्यात काम नसलं की तो दोर वळायचा, आणि सात वर्षांच्या नोलीनचं काम होतं वाद्या ओल्या ठेवायचं. दोन भावांनी दोर वळायला साफ नकार दिला. बाप गेल्यावर जमीन त्या दोघांना मिळाली आणि हिला मिळाली सुरी. लग्न झालं डग नावाच्या माणसाशी. त्याला बायकोनं असलं काही करणं पसंत नव्हतं, दुकानातून नायलॉनचा दोर आणायचा. एकदा बैल उधळला, नायलॉन तुटला, डग कुंपणाला चिकटून उभा राहिला आणि नोलीननं आपला दोर टाकून बैल थांबवला. त्यानंतर डग त्या विषयावर बोलला नाही. तो जाऊनही सतरा वर्षं झाली होती. मुलगा पर्थला. नोलीन एकटी, तीन कुत्री आणि ती शेड. गिझबर्नच्या पुढे एक मोठं स्टेशन आहे, म्हणजे रेल्वेचं नव्हे, हजारो एकर डोंगरावर गुरं सोडलेली असतात त्याला तिथं स्टेशन म्हणतात. त्या लोकांना चाळीस वर्षं घोड्यावरून गुरं धरायचे दोर हिच्याकडूनच लागत. साठ फुटी, आठ पेडांचे.

वर्षभर ऐकून घेतलं. मग एका शनिवारी मी म्हटलं, मीपण येते. बघू तरी काय अप्सरा आहे ती.

शेडच्या दारातच नोलीन "कीया ओरा, लव्ह," म्हणाली, म्हणजे तिकडचा नमस्कार, आणि माझा हात हातात घेतला. हात कसला तो, खवणी! सोडला नाही. उलटा केला, तळवा बघितला, बोटं दाबून बघितली. "कोरडे हात. चांगले आहेत," म्हणाली. मला वाटलं, ही बया मला म्हैस घेतल्यासारखी तपासतेय. चंद्रहास हसला आणि मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याचं हसू जागच्या जागी थांबलं.

पण मी बघितलं सगळं. जळणाऱ्या माणसाची नजर फार बारीक असते हो, एक गोष्ट सुटत नाही. केस खरवडलेलं कातडं ती गोल कापून घ्यायची. मग एका ठोकळ्यात पातं ठोकलेलं, त्याला अंगठा लावून कडेकडेनं कापत कापत मधोमध यायची. अख्ख्या गाईची एकच लांबच लांब वादी! मोजायला टेप नाही, अंगठ्याचं नख हेच माप. मग दोन्ही कडा तासायच्या, वादी ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायची. वळायला घेताना ती वादी गालाला लावायची. गार लागली पाहिजे, पण गाल ओला होता कामा नये. ओली असली तर सुकल्यावर दोर सैल पडतो, कोरडी असली तर ओढताना तुटते. मग खांबाला आठ वाद्या बांधायच्या आणि दोन खालून, दोन वरून, प्रत्येक वेळी सारखी ओढ देत मागे सरकायचं.

चंद्रहास वळायला बसला. दहा मिनिटांत माझ्या लक्षात आलं, त्याची डावीकडची ओढ कमी पडतेय. चार बहिणींत थोरली मी. शाळेची घंटा व्हायच्या आत तीन डोक्यांच्या वेण्या घालायच्या, सणावाराला पाचपेडी, सातपेडी. पेड कुठं सैल पडतोय ते मला लांबून दिसतं. पण मी तोंड उघडलं नाही. म्हटलं, करा काय करायचं ते, तुमचं तुम्ही.

चंद्रहास बाहेर पाणी आणायला गेला तेव्हा नोलीन सहज म्हणाली, "त्याच्या मनात अजून आहे गं ते. आईला तिकीट काढलंय म्हणून खोटं सांगितलं ते."

कसलं तिकीट? मला काही माहीत नव्हतं. पण मी तिला तसं कळू दिलं असतं होय? मी मान हलवली, "हो ना, बिचारा," म्हणाले. तिला वाटलं मला सगळं ठाऊक आहे, म्हणून पुढचंही बोलली. शेवटच्या फोनवर सासूबाईंनी विचारलं होतं, कधी येतोस? आणि हा म्हणाला होता, तिकीट काढलंय, पुढच्या आठवड्यात निघतो. काढलेलं नव्हतं. कंपनीचं काहीतरी काम होतं म्हणून थांबला होता. चार दिवसांनी त्या गेल्या.

परतीच्या वाटेवर मी एक अक्षर बोलले नाही. चंद्रहासच्या ते लक्षातही आलं नाही, तोच बोलत होता, वाद्यांबद्दल. मी खिडकीतून मेंढ्या बघत होते आणि आतून नुसती धुमसत होते. बावीस वर्षांचा संसार. याचं दुखणं-खुपणं, याच्या आईची औषधं, सगळं मी केलं, आणि याच्या काळजातली गोष्ट मला कोण सांगतंय, तर दात नसलेली एक परकी बाई! त्याला विचारावं असं शंभरदा जिभेवर आलं. पण विचारायचं म्हणजे, मला हे तिच्याकडून कळलं, हे कबूल करायचं. त्यापेक्षा मी जीभ तोडून दिली असती.

दोन हजार पाचच्या हिवाळ्यात मला टौरंगाहून विचारणा आली. फार्मसीची इनचार्ज. सहाच्या एप्रिलमध्ये रुजू व्हायचं. चंद्रहासचं काम तिकडूनही झालं असतं, तिकडेही गाई कमी नाहीत. मी आनंदानं सांगितलं, तर हा म्हणाला, "बघू. दोर होऊ दे." गिझबर्नच्या स्टेशनची ऑर्डर आली होती ना! नोलीनच्या बोटांना संधिवात, हा तिचा शेवटचा साठ फुटी, चंद्रहास मदतीला. माझं प्रमोशन, आमचं घर, आमचं पुढचं सगळं त्या दोराला बांधून ठेवलं. आणि मला कळून चुकलं होतं, दोर झाला तरी हा येणार नाही. 'बघू' म्हणजे नाही, हे बावीस वर्षांत शिकले होते मी.

दोर वळून झाला सहाच्या फेब्रुवारीत, तिथल्या भर उन्हाळ्यात. त्याच आठवड्यात नोलीन शेडच्या पायरीवरून घसरली. मनगट मोडलं, कंबरेला मार. आमच्याच हॉस्पिटलमध्ये. तिच्या गोळ्या मीच मोजून वर पाठवायची. दोष नको म्हणून दोनदा मोजायची. दोराला अजून चरबी लावायची राहिली होती. मेंढीची चरबी वितळवून, कोमट असताना, हातानं चोळून जिरवायची, नाहीतर कच्चं कातडं कडक होऊन तडकतं. पंधरा दिवसांनी स्टेशनचा माणूस दोर न्यायला येणार होता. म्हणून चंद्रहास तो दोर आणि चरबीचा डबा घेऊन घरी आला.

"माझ्या घरात चरबी वितळवायची नाही," मी म्हटलं. "अंडंसुद्धा मी वेगळ्या भांड्यात करते."

"गॅरेजमध्ये करीन, कॅम्पिंगच्या शेगडीवर," तो म्हणाला. पण दुसऱ्याच दिवशी त्याला कामावर इन्व्हरकार्गिलला जावं लागलं, तीन दिवसांसाठी. दोर गॅरेजमध्ये दोन खुंट्यांवर टांगलेला. जाताना मला म्हणाला, "ऊन फार आहे गं. आल्यावर बघतो, पण वाळायला नको."

दुसऱ्या दिवशी कामावरून आले आणि गॅरेजमध्ये जाऊन उभी राहिले. दोराला पहिल्यांदाच एकटीनं हात लावला. सुंदर होता हो, खोटं कशाला बोलू. नुसता सरळ, गुळगुळीत. चंद्रहासचं डावीकडे सैल पडलेलं सगळं नोलीननं सोडून परत वळलेलं दिसत होतं. या दोराला दोघांचे हात लागलेत, माझा नाही, असं मनात आलं आणि मी घरात जाऊन तुपाची बरणी आणली. लोणी कढवून शुक्रवारीच केलेलं साजूक तूप, अर्धा किलो. स्निग्ध ते स्निग्ध, मी फार्मसिस्ट आहे, मला काय शिकवता! कोमट केलं आणि साठ फूट चोळून चोळून जिरवलं. गॅरेजमध्ये दिवाळीसारखा वास सुटला होता.

आणि गॅरेजचं दार उघडं राहिलं.

शेजारच्यांचा लॅब्रडॉर, बस्टर. आधीच कच्चं कातडं म्हणजे कुत्र्यांचा खाऊ, त्यात साजूक तूप! मी भाजी फोडणीला टाकून बाहेर आले तेव्हा तो दोराचं एक टोक दोन पायांत धरून बसला होता, शेपूट हलवत. बारा फूट गेला. चघळून, चोथा करून.

चंद्रहास आला. बघितलं. ओरडला असता तर मी दुप्पट ओरडले असते, माझी तयारी होती. पण त्याची परत मिठाची गुळणी. दोर गोळा केला आणि गाडीत ठेवला.

शनिवारी मी त्याच्याबरोबर गेले, न बोलावता. नोलीन घरी आली होती, हात प्लास्टरमध्ये, शेडमध्ये लोकरीच्या गठ्ठ्यावर बसलेली. मी म्हटलं, "माझ्यामुळे झालं."

तिनं चांगल्या हातानं दोर उचलला, नाकाशी नेला. "हे काय लावलंस?"

"तूप. म्हणजे लोणी कढवून करतात ते."

ती हसायला लागली. ठसका लागेपर्यंत हसली. "मग कुत्र्याला कशाला बोल लावायचा," म्हणाली, "मीसुद्धा खाल्ला असता." माझा असा संताप झाला म्हणून सांगू! मी शिव्या खायला आले होते. शिव्या घातल्या असत्या तर हिशेब मिटला असता. ही हसली, म्हणजे परत तीच मोठी आणि मी खुजी.

चघळलेलं टोक तिनं कापून टाकायला लावलं. उरलेल्या वाद्या होत्या, त्या भिजवल्या. जुन्या प्रत्येक पेडात नवी वादी घुसवून पुढे बारा फूट वळायचं. हिचा हात प्लास्टरमध्ये, म्हणजे चंद्रहासनंच वळायचं. वळला. फूटभर झालं, नोलीननं बोट फिरवलं, म्हणाली, "डावीकडे सैल. सोड." परत वळला. परत सोड. तिसऱ्यांदा सोडायला लागला तेव्हा माझ्याच्यानं राहवेना.

"दे इकडे!" मी म्हटलं. मराठीतच.

वादी गालाला लावली. गार. गाल कोरडा. दोन खालून, दोन वरून. पहिल्या दहा-बारा पेडांत हात अडखळला, मग बोटांना ओळख पटली. जणू बहिणींची डोकी समोर: इंदूची वेणी, मंदाची वेणी. नोलीननं बोट फिरवलं. परत फिरवलं. मग म्हणाली, "स्वीट ॲज," म्हणजे तिकडचं 'एकदम झकास'. "कुठं शिकलीस?"

मी चंद्रहासकडे बघितलं. त्याचा चेहरा पडला होता, आणि नुसता पडला नव्हता. ओठ आवळलेले, डोळे माझ्या बोटांवर. तो चेहरा मी ताबडतोब ओळखला. दोन वर्षं रोज आरशात बघत होते. बरं वाटलं का? वाटलं की! थोडं नाही, चांगलं वाटलं.

"जा, चहा कर आमच्यासाठी," नोलीन त्याला म्हणाली. तो घराकडे गेला.

मी वळत राहिले. ती दोराकडे बघत होती, मी दोराकडे बघत होते, एकमेकींकडे कुणीच नाही. मी बहिणींबद्दल सांगितलं. मग सासूबाईंच्या केसांबद्दल, शेवटी शेवटी त्यांची वेणी करंगळीएवढी झाली होती ते. बोटं चालू असली की तोंडावरचा ताबा सुटतो हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मला कळायच्या आत मी म्हणून गेले, "दार उघडं राहिलं नव्हतं."

"कुठलं दार?"

"गॅरेजचं. बस्टर रोज त्या वेळी येतो, मला माहीत आहे. मी दार ओढायला हात वर केला होता आणि खाली घेतला. मी दार उघडं ठेवलं."

नोलीन वाद्यांकडे वाकली. मग म्हणाली, "डावीकडची तिसरी कोरडी पडतेय. ओली कर." मी केली. "का ठेवलंस?"

"कारण तो तुझ्याशी बोलतो," मी म्हटलं आणि मला रडू फुटलं. "माझ्याशी नाही बोलत. तिकिटाचं मला माहीत नव्हतं. तू सांगितलंस तेव्हा कळलं मला. मी नुसती मान हलवली."

मागं पत्र्यावर कप आपटले. चंद्रहास उभा होता, बिस्किटाच्या डब्याच्या झाकणावर तीन कप घेऊन. किती वेळ उभा होता कोण जाणे. कान लाल झालेले.

"मला का नाही सांगितलंस?" तो म्हणाला.

अरे वा! वर्षभर जो प्रश्न मी गिळत होते तो यानंच मला विचारला. मी नाक पुसलं, आणि रडता रडताच आवाज चढला, "तू सांगितलंस?"

नोलीन उठली. "कुत्र्यांना खायला घालते," म्हणाली आणि प्लास्टरचा हात पोटाशी धरून हळूहळू बाहेर गेली. अर्ध्या तासापूर्वीच घातलं होतं तिनं, माझ्यासमोर.

तो तसाच उभा. वाद्या सुकत होत्या, थांबून चालणार नव्हतं, म्हणून मी परत वळायला लागले. त्यानं कप खाली ठेवले, ओलं गोणपाट घेऊन माझ्या शेजारी बसला आणि एकेक वादी माझ्या हातात द्यायला लागला. सात वर्षांच्या नोलीनचं काम. फूटभर दोर झाला असेल.

"शेवटच्या फोनवर मी आईला सांगितलं, तिकीट काढलंय," तो म्हणाला. "काढलं नव्हतं."

मला माहीत आहे, असं मी म्हटलं नाही. त्याच्या तोंडून मी ते पहिल्यांदाच ऐकत होते. "मग?" म्हटलं.

"मग आई म्हणाली, खोटं बोलतोयस. तुझ्या आवाजावरून कळतं मला. पण सांगितलंस, ऐकून बरं वाटलं." त्यानं हातातली वादी बोटाला गुंडाळली. "हसत होती गं ती."

माझे हात थांबले. दोर आमच्या मांड्यांवर पडला. त्यानं कपाळ माझ्या खांद्याला टेकवलं आणि सव्वातीन वर्षांचं रडला. बाहेर नोलीन कुत्र्यांशी मुद्दाम मोठमोठ्यानं बोलत होती.

पुष्कळ वेळानं मी विचारलं, "हे नोलीनला सांगितलंयस?"

"नाही. हे कुणालाच नाही."

सासूबाईंच्या आठवणीनं माझे डोळे वाहत होते, ते अगदी खरं होतं. पण मला आतून इतका आनंद झाला, इतका आनंद झाला की मी चटकन मान खाली घातली आणि पुढचा पेड ओढला, त्याला माझा चेहरा दिसू नये म्हणून.